फायर इंजिनिअरिंगची पदवी: एवढा पैसा घालावा का? (नाशिक)

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलीची बारावी झाली. जेईई मेन आणि सीईटी दोन्ही दिल्या आहेत. मार्क बरे आहेत, फार वरचे नाहीत. तिला फायर इंजिनिअरिंगच करायचं आहे. ही हौस आजची नाही. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्यात मोठी आग लागली तेव्हा ती नववीत होती. पेपरमधली कात्रणं जमवायची आणि वडिलांना विचारायची, एवढ्या मोठ्या कारखान्यात पाण्याची सोय कशी असते, आग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाते कशी. तिचे वडील अंबडला एका जॉब शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं.

आता पर्याय असे आहेत. राज्याबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात फायर अँड सेफ्टीचं बी.टेक. आहे. चार वर्षांची फी साडेबारा लाख सांगतात, राहणं-खाणं वेगळं. दुसरा पर्याय नागपूरचं सरकारी कॉलेज, तिथे नंबर लागला तर. तिसरा म्हणजे नाशिकमध्येच मेकॅनिकल, घरून ये-जा करून. दहा लाखांचं कर्ज काढायची आमची तयारी आहे, पण ते फिटेल का? या पदवीला नोकरीत खरंच किंमत आहे का? धाकटा मुलगा आठवीत आहे, त्याच्या शिक्षणाचंही बघायचं आहे. या क्षेत्रातल्या लोकांनी मोकळेपणाने सांगावं.

पंचवटी_एक्सप्रेस

नागपूर मिळालं तर डोळे झाकून घ्या. बाकी जाणकार सांगतीलच.

जॉकी_पंप

ताई, मी अंबडमध्ये फायर फायटिंगची कामं घेतो, परवानाधारक एजन्सी आहे. काम देणारा म्हणून माझी बाजू सांगतो.

या धंद्याचा पाया आहे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारत किंवा कारखान्याच्या मालकाने आगीची यंत्रणा बसवायची, चालू ठेवायची आणि ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. त्यालाच सगळे फॉर्म बी म्हणतात. नवीन यंत्रणा बसवली की फॉर्म ए. त्यामुळे काम कायम असतं. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी, सगळीकडे शेड वाढताहेत, आणि गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याकडे उंच इमारती. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटरवरची इमारत उंच धरतात, तिथून नियम कडक होत जातात.

आता माणसं घेताना मी काय बघतो? त्याला हायड्रंट लाइनचं, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाइपांचं, ड्रॉइंग वाचता येतं का. पंपाचा डिस्चार्ज आणि हेड, म्हणजे तो मिनिटाला किती पाणी देतो आणि किती उंचीपर्यंत चढवतो, ते कसं काढायचं हे कळतं का. २२८० लिटर प्रति मिनिटाचा मुख्य पंप, त्याला स्टँडबाय डिझेल पंप आणि लाइनचं प्रेशर धरून ठेवणारा १८० लिटरचा जॉकी, हे तिन्ही कोणत्या प्रेशरला आपोआप सुरू व्हायला हवेत, हे त्याने पॅनलसमोर उभं राहून सांगावं. हे फायरच्या पदवीवाल्याला लवकर कळतं, पण मेकॅनिकलवालाही दोन पावसाळ्यांत शिकतो. सुरुवातीचा पगार मी दोघांना सारखाच देतो, वीस-बावीस हजार. माझ्यासारख्या लहान एजन्सीला याहून जास्त परवडत नाही. तेव्हा साडेबारा लाख घालून नाशिकमध्ये माझ्यासारख्याकडे काम करायचं असेल तर गणित बसणार नाही. मोठ्या कन्सल्टंटकडे, तेल कंपनीत किंवा विमा कंपनीत जायचं असेल तर वेगळा विचार करा.

निवृत्त_बँकवाला

ताई, कर्जाचं गणित मांडून देतो, ते बघितल्याशिवाय ठरवू नका.

दहा लाख, दर १० टक्के धरू. बँक रक्कम एकदम देत नाही, दरवर्षी अडीच लाख देईल असं समजा. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालूच असतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण साडेतीन लाख होतात. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर साडेतेरा लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १७,८४० रुपये. वर जॉकी_पंप यांनी सांगितलेल्या पगारात हा हप्ता भरून हातात काय राहील ते बघा.

त्याऐवजी शिकत असताना व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना साधारण २,१०० आणि चौथ्या वर्षी ८,३००, तर हप्ता १३,२१५ वर येतो. फरक मोठा आहे. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँका सहसा तारण मागतात, हेही आधी विचारून घ्या. आयकरात शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

मखमलाबादची_द्राक्षं

बँकवाले काका, तुमच्यासारखा माणूस आमच्या पीककर्जाच्या वेळी काउंटरला असता तर किती बरं झालं असतं 😀

शिंगाडा_तलाव_फॅन

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात आहे, कुठल्या ते राहू द्या. बऱ्याच पालकांची एक गल्लत होते, ती दूर करतो. दलात भरती व्हायला बी.टेक. लागत नाही. राज्याचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे, महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं. तिथला अग्निशामकचा सहा महिन्यांचा कोर्स दहावीवर होतो. उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंधक अधिकारी हा एक वर्षाचा कोर्स कोणत्याही पदवीनंतर करता येतो. महापालिका-नगरपालिकांच्या जाहिरातींत हे कोर्स मागतात. वय, उंची, वजन, दृष्टी याच्या अटी असतात. वयाची अट कडक असते, त्यामुळे पदवीनंतर रेंगाळून चालत नाही.

म्हणजे मुलीला गणवेशाची, गाडीवर जायची ओढ असेल तर मेकॅनिकल, सिव्हिल, अगदी बी.एस्सी. करूनही ती येऊ शकते. आणि यावं तिने. आमच्याकडे आता मुली येताहेत आणि उत्तम काम करताहेत. पण तिला यंत्रणा डिझाइन करायची असेल तर तो रस्ता वेगळा. ताई, आधी तिला हे विचारा.

आणखी एक. आमच्या कामात आग हा एक भाग झाला. पावसाळ्यात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं की आमच्या सुट्ट्या रद्द. संक्रांतीला मांजात अडकलेली पाखरं सोडवायला दिवसभर शिड्या लावायच्या. झाड पडलं, लिफ्ट अडकली, विहिरीत गाय पडली, फोन १०१ वरच येतो.

येवलेकर

मांजावरून आठवलं. आमच्या येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस आभाळ दिसत नाही पतंगांमुळे. पण नायलॉन मांजा वापरणाऱ्यांवर खरोखर कारवाई व्हायला हवी. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत एका घुबडाचा पंख पार कापला गेला होता. अग्निशमनची मुलं अंधारात टॉर्च धरून झाडावर चढली आणि त्याला खाली आणलं.

मखमलाबादची_द्राक्षं

येवलेकर, साधा सुती धागा वापरा आणि वाऱ्याचा अंदाज घ्या, नायलॉनशिवायही पतंग कापता येतो. आमचे आजोबा कापायचे. पण घुबडाचं वाचून वाईट वाटलं. पुढे काय झालं त्याचं?

येवलेकर

वनविभागाकडे दिलं. बरं झालं असं ऐकलं.

नागपूरची_माजी

मूळ प्रश्नाकडे येते. मी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून पदवी घेतली आहे आणि सध्या एका सरकारी तेल कंपनीत आहे. जॉकी_पंप यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर असेल, पण पदवीला किंमत नाही असा अर्थ कुणी काढू नये.

हे कॉलेज केंद्रीय गृहमंत्रालयाचं. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि नंतर नागपूरला आलं. पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. वर्गात द्रवयांत्रिकी, ज्वलनाचं रसायन, इमारतींची रचना, विद्युत सुरक्षा हे सगळं असतंच. पण सकाळी मैदानावर होज आणि शिडीचे ड्रिल, श्वसनयंत्र चढवून धुराच्या खोलीत शिरणं हेही असतं. धुरात हात दिसत नाही तेव्हा भिंतीला धरून बाहेर कसं यायचं, हे ज्याने केलंय तो जिन्याची रुंदी ठरवताना वेगळा विचार करतो. मेकॅनिकलवाला स्प्रिंकलरचं, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणाऱ्या छतावरच्या नळ्यांचं, गणित शिकेल. पण माणसं धुरात कशी वागतात, दार आतल्या बाजूला उघडणारं असलं तर गर्दी कशी चेंगरते, एवढं तपशिलात त्याला कोण शिकवणार?

मुलींबद्दल: हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये आमच्या कॉलेजात प्रवेश घेणारी पहिली मुलगी होती, पुढे ती ओएनजीसीत गेली. तिच्यामुळे आम्हा सगळ्यांचा रस्ता मोकळा झाला. ताई, तुमच्या लेकीला तिच्याबद्दल जरूर वाचायला द्या.

नोकरीचं बोलायचं तर गेल, ओएनजीसी, एचपीसीएल यांच्या फायर अँड सेफ्टीच्या जागांना ही पदवी थेट चालते आणि पगार चांगला असतो. जागा मात्र मोजक्या, त्याही दरवर्षी निघतील असं नाही. आपल्याच जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीचे तेल डेपो आहेत, तिथल्या टाक्यांवरची फोम यंत्रणा बघितली की या विषयाचा आवाका कळतो.

दोहाकर_नाशिककर

मी नाशिकमधून मेकॅनिकल केलं, सध्या कतारमध्ये फायर प्रोटेक्शन डिझाइनला आहे. माझं मत थोडं वेगळं आहे.

इथे रोजचं काम अमेरिकन एनएफपीए मानकांवर चालतं. स्प्रिंकलरला एनएफपीए १३, फायर अलार्मला ७२, पंपांना २०. मुलाखतीत पदवीवर काय छापलंय हे कुणी फारसं विचारत नाही. गोदामात साडेसात मीटर उंच रॅकवर प्लास्टिकचा माल असेल तर छतावरचे स्प्रिंकलर पुरतील का, हे विचारतात. सॉफ्टवेअरवर हायड्रॉलिक गणित करून दाखवायला लावतात. हे मी नोकरीत शिकलो.

मेकॅनिकलचा मोठा फायदा असा की दार बंद होत नाही. एअरपोर्ट अथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह फायर सर्व्हिसेसच्या जाहिराती काढून बघा: फायर, मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, तिन्ही पदव्या चालतात. उलट जिथे मेकॅनिकल मागतात तिथे फायरवाल्याला अर्ज करता येईलच असं नाही. अठराव्या वर्षी आवडणारी गोष्ट बाविसाव्या वर्षी आवडेलच कशावरून?

नागपूरची_माजी

दोहाकर, तुमचा मुद्दा मान्य, पण शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. मुलगी नववीपासून एका गोष्टीच्या मागे आहे. मुलगा असता तर त्याला जिद्दी म्हटलं असतं. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्याला कुणी असं विचारत नाही.

दोहाकर_नाशिककर

मुलगा-मुलगी असा भेद माझ्या मनात नव्हता, पण वाक्य तसं वाटू शकतं हे खरं. माझा रोख पैशावर होता. दहा लाखांचं कर्ज डोक्यावर असलं की आवड बदलायची मुभा उरत नाही.

सेफ्टी_फर्स्ट_सातपूर

एक गंभीर सूचना. गावोगावी एक वर्षाचा, सहा महिन्यांचा फायर अँड सेफ्टी डिप्लोमा देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. शंभर टक्के नोकरी, परदेशात संधी, असे फलक लागतात. माझ्या भाच्याने अशाच एका ठिकाणी पैसे भरले, प्रमाणपत्र घेतलं आणि कारखान्यात सेफ्टी ऑफिसरच्या मुलाखतीला गेला. तिथे कागद पाहूनच परत पाठवलं.

सेफ्टी ऑफिसरची पात्रता नियमाने ठरलेली आहे. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आणि अनुभव, त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका, म्हणजे आपल्याकडे तंत्रशिक्षण मंडळाची एडीआयएस किंवा सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेची. आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती यायला हवी, हेही नियमात आहे. आपल्या मुलांची ही जमेची बाजू. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब मध्ये हजार कामगारांवर सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५०० वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. म्हणजे अंबड-सातपूर-सिन्नरच्या मध्यम कारखान्यांतही जागा वाढतील.

म्हणून माझा सल्ला: मेकॅनिकल किंवा केमिकल पदवी, दोन वर्षं शॉप फ्लोअर, मग एडीआयएस. खर्च कमी, नोकरी नाशिकमध्ये.

कळवणचा_मास्तर

सेफ्टी ऑफिसर आणि फायर इंजिनिअर एकच का? मला वाटायचं एकच.

सेफ्टी_फर्स्ट_सातपूर

नाही सर. माझ्या दिवसातला बराच वेळ मशीन गार्ड, उंचीवरच्या कामाचे परवाने, क्रेनची तपासणी, बंदिस्त टाकीत माणूस उतरताना गॅसची चाचणी यात जातो. आग हा त्यातला एक भाग. फायर इंजिनिअर मात्र आग आणि धूर यातच खोल जातो. दोन्ही कामांची गरज आहे, पण मुलीला नेमकं काय करायचंय यावर कोर्स ठरतो. शिंगाडा_तलाव यांनीही तेच म्हटलं.

खरं_बोलू_का

सगळे छान छान बोलताहेत. जमिनीवर काय चालतं? माझ्या सोसायटीत फॉर्म बी दर सहा महिन्यांनी येतो. यंदा मी स्वतः होज रील उघडून बघितला, पाणी आलं नाही. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. ज्या एजन्सीने सही केली तिचा माणूस वर गच्चीवर आलाही नव्हता. ज्या क्षेत्रात कागद पुरतो तिथे शिकलेल्या इंजिनिअरला पैसे कोण देणार?

जॉकी_पंप

तुमचा राग योग्य आहे. असं होतं, आणि आमच्यातलेच लोक करतात. स्वस्तात सही देणाऱ्यामुळे माझीही कामं जातात. पण तुम्ही जे केलंत तेच प्रत्येक सोसायटीने करावं. कमिटीतल्या दोघांनी तपासणीच्या दिवशी सोबत उभं राहायचं, सर्वात वरच्या मजल्याचा लँडिंग व्हॉल्व्ह (जिन्याजवळचा हायड्रंटचा नळ) उघडायला लावायचा, गेजवर प्रेशर बघायचं, विजेचा मुख्य पंप बंद ठेवून डिझेल पंप आपोआप उचलतो का ते बघायचं. फायर डोअरला विटा लावून ठेवल्या असतील तर काढायच्या. पाऊण तासाचं काम आहे.

मागणी वाढलीय हेही खरं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला, नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात. त्यानंतर रुग्णालयांनी आम्हाला फोन करायला सुरुवात केली. त्या बाळांची बातमी वाचली त्या रात्री मी जेवलो नाही. तेव्हापासून कुणी नुसती सही मागितली तर सरळ उठून येतो.

खरं_बोलू_का

तुमच्यासारखा माणूस असेल तर आमच्या सोसायटीचं काम तुम्हालाच द्यायला हवं. निरोप पाठवतो.

शिंगाडा_तलाव_फॅन

जॉकी_पंप यांना सलाम. १४ एप्रिलला आम्ही अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. यंत्रणा चालू असली की आमच्या पोरांचा जीव वाचतो. आम्ही इमारतीत शिरतो ते तिथला हायड्रंट चालेल या भरवशावर.

वूस्टरवाली

अमेरिकेतून लिहिते, माहेर नाशिक रोडचं. इथे फायर प्रोटेक्शन इंजिनिअरिंग ही पूर्ण वेगळी शाखा मानतात. मेरीलँड विद्यापीठात चार वर्षांची पदवी आहे. वूस्टर पॉलिटेक्निकमध्ये १९७९ पासून मास्टर्स आहे. या विषयात पीईची (परवानाधारक व्यावसायिक इंजिनिअरची) परीक्षा वेगळी होते, ती पास झालं की ड्रॉइंगवर स्वतःची सही करता येते. माझ्या ओळखीत जे या कामात आहेत त्यातले बरेच जण आधी मेकॅनिकल किंवा सिव्हिल करून मास्टर्सला आले. युरोपात घेंट, लुंड आणि एडिंबरा मिळून एक मास्टर्स चालवतात, त्याला इरॅस्मस शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यामुळे आज मेकॅनिकल घेतलं म्हणजे हा विषय सुटला असं समजू नका. चार वर्षांनीही वाट असते. फक्त तिने चारही वर्षं गुण चांगले ठेवावेत आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयातला घ्यावा.

डीबीटी_गाइड

अजून कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताई, तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत येता का? आणि घराचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का? असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, राज्याबाहेरच्या विद्यापीठाला तर नाहीच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, सगळं आत्ताच काढून ठेवा. जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

निवृत्त_बँकवाला

ही माहिती आली आणि माझं वरचं गणितच पालटलं. एका बाजूला महिना १७,८४० चा हप्ता दहा वर्षं, दुसऱ्या बाजूला शिक्षण शुल्क शून्य.

इंदिरानगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस आम्ही तिघं बसून हे सगळं वाचत होतो. आम्ही ओबीसीत येतो आणि उत्पन्न आठ लाखांच्या आतच आहे. ही फीमाफी राज्यातल्या कॉलेजलाच आहे हे माहीत होतं, पण बाहेरच्या विद्यापीठाशी तुलना करताना ते हिशोबात धरलंच नव्हतं.

लेकीला शिंगाडा_तलाव यांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, मला गाडीवर जायचं नाही असं नाही, पण जास्त ओढ आहे ती आग लागूच नये किंवा लागली तरी एका खोलीतच राहावी, अशी इमारत कशी बांधायची याची. वूस्टरवालींचं वाचून तिने लगेच मेरीलँडचा अभ्यासक्रम उघडला आणि त्यातले कोणते विषय मेकॅनिकलमध्येही असतात त्याची यादी करायला बसली. नागपूरचा अर्ज भरायचाच आहे. तिथे नंबर लागला तर नागपूर. नाही तर नाशिकमध्ये मेकॅनिकल. बाहेरचं खाजगी विद्यापीठ आम्ही सोडतोय. तिच्या वडिलांचं एकच म्हणणं आहे, की नाशिकमध्ये राहून तिला या विषयाचं प्रत्यक्ष काम बघायला मिळावं. कसं जमेल?

नागपूरची_माजी

फार छान ठरवलंत. नागपूरच्या माहितीपत्रकात उंची, वजन, दृष्टीचे निकष असतात, ते आधी वाचा. डोळ्यांची तपासणी आत्ताच करून घ्या, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा. ऐनवेळी तिथे अडकून बसू नये.

दोहाकर_नाशिककर

मेकॅनिकल झालं तर मी तिला पहिल्या वर्षापासून मार्ग दाखवेन. एनएफपीएची मानकं त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट वाचता येतात, १३ पासून सुरुवात करू दे. आपली भारतीय मानकंही हवीत: हायड्रंटला आयएस ३८४४, स्प्रिंकलरला आयएस १५१०५, अग्निशामक सिलिंडरला आयएस २१९०. आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग.

शिंगाडा_तलाव_फॅन

सिंहस्थ तोंडावर आहे. तपोवनात साधुग्राम उभं राहील, तंबू, गॅस सिलिंडर, स्वयंपाकाच्या चुली, तात्पुरत्या वायरी आणि लाखोंची गर्दी. आगीच्या दृष्टीने असं अवघड नियोजन दुसरं नाही. तंबूंच्या रांगांमध्ये गाडी जाईल एवढी जागा कशी ठेवतात, पाण्याच्या टाक्या कुठे असतात, हे तिने स्वतः चालत जाऊन बघावं आणि वहीत नकाशे काढावेत.

जॉकी_पंप

ताई, बारावी झालेली मुलगी आहे, प्रवेश व्हायला वेळ आहे. जुलैची फॉर्म बीची तपासणी सुरू होईल. तिला आणि तिच्या वडिलांना सोबत येऊ दे. शनिवारी अंबडला एका कारखान्यात पंप रूमची चाचणी आहे, मालकाची परवानगी मी घेतो. बंद बूट आणि सुती कपडे घालून यायचं, हेल्मेट मी देतो. वेळ आणि पत्ता निरोपात पाठवतो.

इंदिरानगरची_आई

येतील दोघं. तिने आत्ताच विचारलंय की जॉकी पंप किती प्रेशरला सुरू होतो ते आधी वाचून यायचं की तिथे बघायचं?

जॉकी_पंप

तिथे गेज बघून तिनेच मला सांगायचं.